कलांचो: नर्सरीतून घरी आणल्यापासून पुन्हा फुलेपर्यंत

संक्रांतीच्या आगेमागे कुठल्याही नर्सरीत गेलात की पुढच्याच फळीवर हे रोप मांडलेलं असतं. छोटी काळी कुंडी, जाड चकचकीत पानं, पानांच्या कडेला हलके दाते आणि वर लाल, केशरी, पिवळ्या, गुलाबी बारीक फुलांचा भरगच्च गुच्छ. नर्सरीवाले त्याला कलांचो, कलांचू, कलंचो असं काहीही म्हणतात. मी पहिलं रोप ८० रुपयांना घेतलं होतं, केशरी फुलांचं. तीन आठवड्यांत ते गेलं. दुसरं जगलं, वाढलं, पण दोन वर्षं त्याला एक कळी आली नाही.

हे दोन्ही अनुभव माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाला आलेत. बहुतेक जण मग "हे फुलांपुरतंच असतं, नंतर टाकूनच द्यायचं" असं ठरवून टाकतात. तसं अजिबात नाही. आज माझ्या गॅलरीत जी अकरा कलांचो आहेत ती सगळी एकाच रोपाच्या फांद्यांपासून केलेली आहेत आणि दर हिवाळ्यात फुलतात. हे रोप जातं ते पाण्यामुळे, आणि फुलत नाही ते आपल्या घरातल्या दिव्यांमुळे. या दोन गोष्टी नीट समजल्या की बाकी सगळं सोपं आहे. म्हणून खाली पाण्याची आणि अंधाराची पायरी मुद्दाम लांबवली आहे.

थोडी ओळख करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हे रोप मूळचं मादागास्करच्या डोंगरांतलं. जर्मनीत पॉट्सडॅमच्या रोबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी १९३२ मध्ये ते बाजारात आणलं, म्हणून शास्त्रीय नाव कलांचो ब्लॉसफेल्डियाना. आपल्या ओळखीची पानफुटी याच कुळातली, अगदी जवळची नातलग. दोघींच्याही पानांत पाण्याचा साठा असतो आणि दोघीही दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात. हवा आत घ्यायचं काम त्या रात्री करतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या बेंजामिन हाइने यांना १८१३ च्या सुमारास पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं आणि दुपारनंतर बेचव. रात्री घेतलेल्या हवेतून पानात तयार झालेलं आम्ल दिवसभरात वापरलं जातं, म्हणून हा फरक. इतक्या काटकसरीने पाणी वापरणाऱ्या झाडाला रोज पाणी घातलं तर काय होईल, हे यावरून लक्षात येईल.

आणि एक गोष्ट आताच सांगते. पानफुटीचं पान मुतखड्यावर खायचं असं घरोघरी सांगतात. कलांचो पानफुटीसारखं दिसतं म्हणून त्याचं पान कोणी तोंडात घालू नका. या झाडात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. मांजर, कुत्रा, शेळी, गाय यांना ती बाधतात. घरात पान चघळणारं मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. छाटलेल्या फांद्या दारावर आलेल्या गाईपुढे टाकायची आपल्याकडे सवय असते. या झाडाच्या बाबतीत ती मोडा.

लागणारं साहित्य

- ४ ते ६ इंची कुंडी, तळाला भोकं असलेली. मातीची मिळाली तर उत्तम.
- बागेतली लाल माती किंवा गाळाची माती
- जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र खडे)
- गांडूळखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड
- धारदार कात्री किंवा ब्लेड, आणि पुसायला स्पिरिट
- उदबत्तीची काडी किंवा बांबूची बारीक काडी
- कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायचा द्रव साबण
- कुंडीवर पालथा बसेल असा पुठ्ठ्याचा खोका. हा ऑक्टोबरपर्यंत लागणार नाही, पण चांगला दिसला की जपून ठेवा.

१. रोप निवडताना

सगळी फुलं उमललेली कुंडी सुंदर दिसते, पण ती घेऊ नका. तिचे अर्धे दिवस नर्सरीतच गेलेले असतात. एक तृतीयांश फुलं उमललेली आणि बाकीच्या कळ्यांनी रंग दाखवलेला आहे, अशी कुंडी शोधा. पूर्ण हिरव्या, घट्ट कळ्याही नकोत, कारण घरातल्या कमी उजेडात त्या पुष्कळदा उघडतच नाहीत.

मग कुंडी हातात घेऊन पानं बाजूला सारा आणि खोड मातीत शिरतं ती जागा बघा. तिथे अंगठ्याने हलकं दाबा. खोड कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं किंवा काळपट दिसलं तर फुलं कितीही छान असोत, ठेवून द्या. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही आहे का तेही बघा. तो पिठ्या ढेकूण असतो आणि तो तुमच्या इतर झाडांवरही जाईल.

एकेरी आणि दुहेरी असे दोन प्रकार मिळतात. एकेरी फुलाला चारच पाकळ्या असतात. दुहेरी फूल बारक्या गुलाबासारखं भरलेलं असतं. पहिलंच रोप घेत असाल तर एकेरी घ्या. दुहेरी फुलांच्या गुच्छात पाणी अडकून राहतं आणि दमट हवेत तो लवकर काळा पडतो.

२. घरी आणल्यावर पहिला आठवडा

भेट म्हणून आलेल्या कुंडीला चमकीचा कागद गुंडाळलेला असतो. तो लगेच काढा. माझं पहिलं रोप त्या कागदाने घालवलं. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना मी यालाही थोडं घालायची. ते पाणी खालून निघून कागदातच साठत होतं आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. ज्या दिवशी झाड कलंडलं त्या दिवशी कागद काढला. आत बोटभर पाणी होतं, आणि त्याला डबक्यासारखा वास येत होता.

पहिला आठवडा रोप इतर झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर एवढ्यात दिसून येते. लगेच कुंडी बदलायची घाई करू नका. फुलं असताना मुळं हलवली तर कळ्या गळतात. नर्सरीतलं रोप बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, ते फुलं संपेपर्यंत तसंच राहू द्या. पाणी मात्र अगदी बेताने द्या, कारण कोकोपीट वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओलं असतं.

३. जागा

पूर्वेची गॅलरी किंवा खिडकी असेल तर प्रश्नच मिटला. सकाळचं ३-४ तासांचं ऊन या झाडाला फार मानवतं. पश्चिमेची गॅलरी असेल तर हिवाळ्यात चालेल, पण मार्च ते मे दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. विदर्भ-मराठवाड्यात तर उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली किंवा नुसत्या उजेडाच्या जागीच ठेवा. निफाड-नाशिककडे कडाक्याची थंडी पडते तेव्हा रात्री उघड्यावर ठेवू नका.

पानांच्या कडा लालसर झाल्या तर घाबरू नका. भरपूर ऊन आणि थंडी मिळाली की असं होतं. पण पानांवर कोरडे तपकिरी चट्टे पडले तर ते भाजल्याचे डाग आहेत. जागा बदला. उलट, फांद्या लांबुळक्या होऊन दोन पानांमधलं अंतर वाढू लागलं आणि झाड खिडकीच्या दिशेने वाकलं, तर त्याला उजेड कमी पडतोय. टीव्हीच्या टेबलावर किंवा बाथरूममध्ये ठेवलेलं कलांचो असंच होतं. चार दिवस पाहुण्यांसाठी आत आणायला हरकत नाही, पण त्याचं घर गॅलरीतच.

४. पाणी

सगळ्यात जास्त झाडं इथे जातात.

दुसरं रोप घेताना मी नर्सरीतल्या माळीकाकांना विचारलं, "काका, किती दिवसांनी पाणी घालू?" ते म्हणाले, "ताई, दिवस मोजू नका. कुंडी उचलून बघा." तेव्हा ते मला अर्धवट उत्तर वाटलं होतं. आता मी सगळ्यांना तेच सांगते.

असं करा. रोप आणल्यावर एकदा भरपूर पाणी घाला, खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या, पंधरा मिनिटांनी कुंडी उचला आणि वजन हाताला लक्षात ठेवा. मग रोज नुसती उचलून बघा, पाणी घालू नका. काही दिवसांनी एक दिवस असा येतो की कुंडी एकदम हलकी लागते. तो पाण्याचा दिवस. दोन-तीन फेऱ्यांत हाताला सवय होते. मातीची कुंडी जड असल्याने फरक कळत नसेल तर उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर काडी ओलसर, काळपट दिसली किंवा माती चिकटली तर आज पाणी नाही.

अंदाज हवाच असेल तर माझ्या पुण्यातल्या गॅलरीत हिवाळ्यात ७ ते १० दिवसांनी, उन्हाळ्यात ४-५ दिवसांनी आणि पावसाळ्यात १२-१५ दिवसांनी पाणी लागतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत याहून उशिरा लागेल. पण हे आकडे पाळायला म्हणून घेऊ नका. तुमची कुंडी, माती आणि वारा वेगळा असणार.

पाणी द्यायचं तेव्हा मात्र पोटभर द्या. रोज दोन चमचे ही सगळ्यात वाईट पद्धत, कारण वरची माती सतत ओली राहते आणि खालच्या मुळांना काहीच मिळत नाही. मातीवर सावकाश ओता, पानांवर आणि गुच्छावर नको. खालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या.

आता सगळ्यांची फसगत होते ती जागा. तहानलेलं झाडही मलूल होतं आणि पाणी जास्त झालेलं झाडही मलूल होतं. आपण दोन्ही वेळा तांब्या घेऊन धावतो. म्हणून आधी पान हातात घ्या. सगळ्यात खालचं पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा. निरोगी पान कोवळ्या काकडीच्या चकतीसारखं टणक लागतं. तहानलेल्या झाडाचं पान मऊ, पातळ, किंचित सुरकुतलेलं असतं, पण रंग हिरवाच असतो आणि ते सहज सुटत नाही. खोड कडक, कुंडी हलकी. अशा झाडाला पाणी दिलंत की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानं ताठ होतात. पाणी जास्त झालेल्या झाडाचं पान पिवळट, तेलात बुडवल्यासारखं आरपार दिसतं आणि हात लागताच गळून पडतं. खोडाचा बुंधा मऊ झालेला असतो आणि कुंडी जड असते.

दुसरी लक्षणं दिसली तर पाणी बंद करून वाट बघत बसू नका, तेवढ्याने वाचत नाही. झाड बाहेर काढा. मुळं तपकिरी आणि गिळगिळीत असतील, सालासारखी ओघळून हातात येत असतील, तर मूळकूज झाली आहे. मग वरच्या निरोगी फांद्या कापून घ्या. काप नीट बघा. आत स्वच्छ फिकट हिरवं दिसलं पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडी दिसली तर ब्लेड स्पिरिटने पुसून बोटभर वर पुन्हा कापा. कडी दिसेनाशी होईपर्यंत कापत जा. माझ्या एका झाडाला चार वेळा कापावं लागलं, शेवटी दोन इंचांचा शेंडा राहिला. तोच आज सगळ्यात मोठा झाला आहे. या शेंड्यांचं काय करायचं ते सातव्या पायरीत सांगते.

गावाला जाताना शेजाऱ्यांना किल्ली देऊन जात असाल तर कलांचोला पाणी घालू नका असं स्पष्ट सांगा. निघताना एकदा भरपूर पाणी दिलेलं दोन आठवडे पुरतं. प्रेमाने घातलेलं रोजचं पाणी पुरत नाही, मारतं.

५. फुलं संपल्यावर

एक गुच्छ सहा आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतो. त्यातलं एकेक फूल सुकू लागलं की चिमटीने काढत राहा. अख्खा गुच्छ तपकिरी झाला की त्याचा दांडा खालच्या पानांच्या दुसऱ्या जोडीपर्यंत मागे कापा. अनेकांना इथे हात आखडतो. पण वरवर कापलं तर नुसता काटकुळा दांडा उरतो. पानांच्या जोडीच्या वर कापलं तर तिथल्या दोन्ही बेचक्यांतून नवे कोंब निघतात आणि झाड डेरेदार होतं.

छाटणीनंतर तीन-चार आठवडे झाड थांबल्यासारखं वाटेल. त्या काळात पाणी आणखी कमी करा, खत अजिबात नको.

६. कुंडी आणि माती बदलणं

नवी पालवी दिसली की, म्हणजे साधारण फेब्रुवारी अखेर ते मार्च, नर्सरीचं कोकोपीट बदला. मुळांचा गोळा हलक्या हाताने मोकळा करा, जेवढं कोकोपीट सहज निघेल तेवढं काढा, मुळं ओरबाडू नका.

माझं मिश्रण असं: एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट, अर्धा भाग गांडूळखत, अर्धा भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा बोटाने टोचताच फुटला पाहिजे. तसाच राहिला तर वाळू वाढवा.

देशावरच्या लोकांसाठी सूचना: शेतातली काळी माती वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते, त्यात मुळं तुटतात. कोकणातल्यांनी समुद्राची वाळू घेऊ नये, तिच्यात मीठ असतं. बांधकामावरची क्रश सँड चालते, पण आधी चाळून बारीक भुकटी टाकून द्या आणि उरलेली खडबडीत वाळू धुऊन घ्या. भुकटी तशीच राहिली तर माती सिमेंटसारखी बसते.

कुंडी आधीच्यापेक्षा एकच इंच मोठी घ्या. मोठी कुंडी म्हणजे मोकळी वाढ असं वाटतं, पण मुळं नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. कुंडी बदलल्यावर तीन-चार दिवस पाणी नको.

खत फार लागत नाही. मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरे. जास्त नत्र मिळालं की नुसती पानंच फुगतात.

७. एका रोपाची पाच रोपं

पानफुटीचं पान मातीवर टाकलं की कडेच्या खाचांतून पिल्लं निघतात. तेच इथे होईल या भरवशावर मी पहिल्यांदा सहा पानं मातीवर मांडून ठेवली होती. मुळं आली, पण कोंब एकालाही फुटला नाही. कलांचोची फांदीच लावायची.

३-४ इंचांची, फुलं नसलेली, निरोगी फांदी कापा. खालची दोन-तीन पानं काढा. मग फांदी सावलीत कागदावर दोन-तीन दिवस नुसती पडू द्या. कापाची जागा सुकून तिच्यावर फिकट, कोरडी पापडी धरते. या पापडीशिवाय लावलेली फांदी ओल्या मातीत हमखास कुजते. नवखे लोक नेमकं हेच विसरतात. किंवा गुलाबासारखी ताजी कापून लगेच खोचतात.

वरच्याच मिश्रणात वाळू थोडी वाढवून फांदी दीड इंच खोल लावा. माती अगदी हलकी ओलसर हवी. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. तोपर्यंत ओढून बघू नका. शेंड्याला नवं चिमुकलं पान दिसलं की मुळं आली असं समजा. छाटणीच्या वेळी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम केलं तर वेगळ्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. एकाच कुंडीत तीन फांद्या लावल्या तर पुढच्या हिवाळ्यात कुंडी छान भरते.

८. पावसाळा

जून ते सप्टेंबर कुंडी छताखाली ठेवा. "निसर्गाचं पाणी झाडाला चांगलंच" हे इथे लागू होत नाही. सततची झड या झाडाला सोसत नाही. भिंतीला चिकटवून ठेवू नका, वारं फिरलं पाहिजे. जमिनीवर ठेवत असाल तर खाली दोन विटा घाला, म्हणजे भोकं मोकळी राहतील. खाली गळलेली पानं रोज उचला, ती ओली राहून बुंध्याला बुरशी लागते. आठवडाभर सूर्य दिसला नाही तर आठवडाभर पाणीही नको.

९. पुन्हा फुलं आणायची तर

आता माझ्या त्या न फुलणाऱ्या झाडाची गोष्ट. ते हॉलच्या खिडकीत होतं. ऊन चांगलं, माती चांगली, पानं हिरवीगार. त्याची एक फांदी मी शेजारच्या काकूंना दिली होती. त्यांनी ती मागच्या कोरड्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवली. जानेवारीत काकू दार वाजवून म्हणाल्या, "अगं, तुझ्या झाडाला किती फुलं आलीत बघ तरी!" एकाच झाडाची फांदी, माझ्याच मातीतून गेलेली. फरक एवढाच होता की त्यांच्या त्या गॅलरीत संध्याकाळनंतर कोणी जात नव्हतं, आणि आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत चालू असायची.

कलांचो रात्र मोजतं. रात्र पुरेशी लांब झाली की ते पानांऐवजी कळ्या करायला घेतं. शेवंतीही अशीच, म्हणून तीही थंडीतच बहरते. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस १३ तासांचा असतो, २१ डिसेंबरच्या सुमारास तो ११ तासांवर येतो आणि रात्र १३ तासांची होते. उघड्या, अंधाऱ्या जागी ठेवलेलं झाड म्हणूनच हिवाळ्यात आपोआप फुलतं. पण ट्यूबलाइट, जिन्यातला बल्ब, रस्त्यावरचा दिवा हे सगळं झाडाला दिवसच वाटतं. मध्यरात्री पाणी प्यायला उठून काही मिनिटं दिवा लावला तरी ती रात्र तुटते.

खात्रीने फुलं हवी असतील तर झाडाला रोज १४ तास पूर्ण अंधार, सलग ६ आठवडे द्या.

नवरात्राच्या आगेमागे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. संध्याकाळी ६ वाजता कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, सकाळी ८ ला काढा. खोक्याच्या फटींना चिकटपट्टी लावा. आत डोकं घालून बघितलं तर उजेडाची रेघही दिसता कामा नये. प्लास्टिकची काळी पिशवी वापरू नका, आत बाष्प धरतं आणि भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते. दिवसा झाडाला ३-४ तास ऊन मिळालंच पाहिजे. मी पहिल्या वर्षी सोयीसाठी झाड अंधाऱ्या खोलीतच ठेवून दिलं होतं, तेव्हा कळ्या तर नाहीतच, वर पानंही गळाली. या काळात पाणी नेहमीपेक्षा थोडं उशिरा द्या, खत थांबवा.

आणि दिवाळी! नेमक्या याच आठवड्यांत गॅलरीत आकाशकंदील लागतो, माळा रात्रभर चालू असतात. खोका नसेल तर झाडाला त्या दिवसांत घराच्या ज्या बाजूला रोषणाई नाही तिकडे हलवा. मला तीन वर्षं हे लक्षातच आलं नव्हतं.

एखाद्या दिवशी खोका घालायला विसरलात तर सगळं वाया जात नाही, तेवढे दिवस पुढे वाढवा. पण आठवड्यातून तीन-तीनदा विसरलात तर कळ्यांची आशा सोडा. ऑक्टोबरमध्ये रात्रीही उकाडा असेल तर कळ्या उशिरा धरतात. मुंबईत आणि कोकणात म्हणून दोन-तीन आठवडे जास्त धरून चाला.

सहा आठवड्यांनंतर शेंड्याच्या पानांच्या मधोमध बघा. पानं उघडून भिंगाखाली धरल्यासारखं अगदी जवळून बघावं लागतं. खसखशीएवढ्या हिरव्या दाण्यांचा घट्ट पुंजका दिसेल. तो दिसला की खोक्याचं काम संपलं. पुढच्या ४ ते ६ आठवड्यांत दांडा वर येतो, दाणे मोहरीएवढे, मग गव्हाएवढे होतात, टोकाला रंग दिसू लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खोका घातला तर नाताळ ते संक्रांतीच्या दरम्यान फुलं येतात.

फुलं दिवाळीत हवी असतील तर खोका ऑगस्टच्या मध्यालाच घालायला हवा. पॉलिहाउसवाले काळं कापड ओढून हेच करतात, म्हणून नर्सरीत भर जुलैतही फुललेलं कलांचो दिसतं. त्याला "बारमाही" म्हणून विकलं तर विश्वास ठेवू नका.

फांदीपासून केलेलं छोटं रोप असेल तर त्याला पानांच्या निदान चार जोड्या येईपर्यंत हा प्रयोग नको.

१०. कीड आणि रोग

पिठ्या ढेकूण सगळ्यात त्रासाचा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आधी बेचके तपासा, मुंग्या त्याच्याच गोड चिकट्यासाठी येतात. थोडा असेल तर कान साफ करायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून, खूप हलवून, सूर्य मावळल्यावर फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. दर आठवड्याला असं तीन वेळा करावं लागतं, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत.

कोवळ्या फुलदांड्यावर हिरवा-काळा मावा दिसला तर पाण्याची बारीक धार पुरते, मात्र नंतर गुच्छ झटकून सुकवा. पानांवर पिठासारखी पांढरी पावडर म्हणजे भुरी. ती पाने काढून टाका, कुंड्यांत अंतर ठेवा, पाणी सकाळीच द्या.

फुलं भरात असताना कुंडी दर दोन-तीन दिवसांनी पाव फेरी फिरवा, नाहीतर गुच्छ एकाच बाजूला झुकतो. संध्याकाळी जवळ जाऊन बघा, एकेरी फुलांच्या चारही पाकळ्या हळूहळू मिटायला लागलेल्या असतात, सकाळी पुन्हा उघडतात. एखादा गुच्छ दांड्यासकट कापून ग्लासात ठेवलात तर तोही बरेच दिवस टवटवीत राहतो. पाणी दोन दिवसांनी बदला. आणि कापताना पानांची दुसरी जोडी मोजूनच कापा, म्हणजे तिथून दोन कोंब फुटतील.